आधी घर की आधी रस्ता?

इतिहासलेखकाची दृष्टी किल्ल्याच्या तटाकडे जितक्या सहजपणे जाते, तितक्या सहजपणे ती गावातल्या गटाराकडे जात नाही. सातारा म्हटले की अजिंक्यतारा, शाहू महाराजांचा राज्याभिषेक, प्रतापसिंहांची पदच्युती. सांगली म्हटले की पटवर्धनांचा गणपती आणि फार तर हळदीची पेठ. हे सर्व आपल्या जागी योग्यच आहे. परंतु ज्या रस्त्याने राजाची मिरवणूक गेली तो रस्ता कोणाच्या पैशाने झाला, त्याच्या दुतर्फा घर बांधण्याची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, घराचा ओटा किती पुढे यावा हे कोणी ठरविले, असले प्रश्न विचारणारा मनुष्य आमच्याकडे इतिहासकारांत गणला जात नाही. लोक त्याला नगरपालिकेतला कारकून समजतात. समजोत बिचारे. सामान्य माणसाच्या वाट्याला राज्यकारभार म्हणून जो काही रोज येतो, तो बव्हंशी याच कारकुनाच्या टेबलावरून येत असतो.

महाबळेश्वरी उगम पावून कृष्णा वाईवरून खाली येते, साताऱ्याला माहुलीपाशी वेण्येस भेटते, कराडास कोयनेला पोटात घेते आणि सांगलीच्या घाटाला लागते. या एकाच नदीच्या खोऱ्यातील दोन गावे वाढली कशी, हे पाहू लागले की एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. आधी रस्ता आखून मग घरे झाली, की आधी घरे होऊन मग रस्ता शोधावा लागला? आणि दोन्ही प्रकारांत पैसे कोणी मोजले?

१७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. पुढे राजधानीचा पसारा किल्ल्यावर मावेना, तेव्हा डोंगराच्या उतारावर शाहूनगर वसू लागले. साताऱ्याच्या पेठांची नुसती नावे वाचली तरी हे गाव कसे वसले ते कळते. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार अशा वारांच्या पेठा आहेत. यादोगोपाळ, सदाशिव, मल्हार, बसप्पा, केसरकर अशा माणसांच्या नावांच्या आहेत. चिमणपुरा, व्यंकटपुरा, रघुनाथपुरा असे पुरे आहेत, रामाचा गोट आहे, मच्छी पेठ आहे. पेठ वसविणे हा त्या काळी एक रीतसर व्यवहार होता. सरकारातून कौल मिळावयाचा. कोणी उद्योगी गृहस्थ पुढे होऊन उदमी, कारागीर, बलुते जमवावयाचा. त्यांना काही वर्षे पट्टीची सूट असावयाची. मुदत सरली की मग घरपट्टी आणि मोहतर्फा सुरू होई. मोहतर्फा म्हणजे धंद्यावरचा आणि कारागिरांवरचा कर. शेटे आणि महाजन पेठेची देखरेख करीत आणि त्याबद्दल त्यांना मानपान व हक्क मिळत.

यातला हिशेब ध्यानात घेण्यासारखा आहे. सरकार प्रथम आपले उत्पन्न सोडीत असे, आणि नंतर वर्षानुवर्षे वसूल करीत असे. पेठेचा मुख्य रस्ता आधी सुटलेला असे, कारण रस्त्यावाचून बाजार भरत नाही आणि बाजारावाचून जकात येत नाही. मुख्य रस्त्याच्या मागे मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने बोळ ठेवावा, नाहीतर न ठेवावा. म्हणून जुन्या पेठेत मोठा रस्ता सरळ आणि आतल्या आळ्या नागमोडी, असे चित्र दिसते. सातारा डोंगराच्या उतारावर असल्यामुळे त्यात पायऱ्यांची भर पडली. यवतेश्वराच्या डोंगरावरून गावात पाणी खेळविण्याची व्यवस्था होती, म्हणून हौदांच्या जागा आधी ठरल्या आणि घरे त्यांच्या भोवती दाटली.

आजकाल अमुक भाग निवासी, तमुक व्यापारी, तमुक औद्योगिक, असे नकाशावर रंग भरून दाखवितात आणि ती पाश्चात्त्य विद्या आहे असे सांगतात. फ्रँकफुर्टने १८९१ मध्ये आणि न्यूयॉर्कने १९१६ मध्ये असे विभागांचे नियम केले, हे खरेच आहे. पण गावाचे विभाग पाडणे आपणांस नवे नव्हते. तांबटाच्या ठोक्याने शेजाऱ्याची झोप मोडू नये, कुंभाराच्या भट्टीचा धूर वाऱ्याबरोबर गावावर येऊ नये, असा विचार जुन्या वस्तीच्या रचनेत दिसतो आणि त्याचे कौतुक करण्यास हरकत नाही. मात्र त्याच रचनेने काही माणसांना गावकुसाबाहेर ठेवले आणि त्या वस्तीकडे रस्ता नेण्याची गरज पिढ्यान् पिढ्या कोणाला वाटली नाही, हे सांगितल्यावाचून ते कौतुक पुरे होत नाही. त्या नियमाचा कागद कोठे सापडावयाचा नाही. कागदावाचून इतका काटेकोर पाळला गेलेला दुसरा नियम आमच्या नगररचनेत दाखविणे कठीण आहे.

१८१८ मध्ये प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या आधाराने गादीवर आले. १८३९ मध्ये त्याच इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले. मधल्या वीस-एकवीस वर्षांत या राजाने राजवाडा बांधला, रुंद रस्ते काढले, महाबळेश्वराकडे जाणारा मार्ग तयार केला. प्रतापगंज पेठेत त्याचे नाव राहिले आहे. साताऱ्यातून पूर्व-पश्चिम जाणारे वरचा आणि खालचा असे जे दोन मोठे रस्ते आहेत, त्यांच्यावर गावाचा सारा भार आजही आहे. राजाने रस्ता काढावयाचा म्हटले की कोणाची पडवी गेली आणि कोणाचा ओटा, याची तक्रार करण्यास जागा नसते. खर्चही राजाच्याच खजिन्यातून. म्हणजे अखेर रयतेच्या शेतसाऱ्यातून! ज्या कुणब्याने सातारा शहर वर्षातून एकदा पाहिले, त्याने त्या रस्त्यांचे पैसे दिले होते.

महाबळेश्वराची गोष्ट याहून निराळी आणि थोडी विलक्षण आहे. १८२९ मध्ये महाराजांनी ती जागा कंपनी सरकारला दिली आणि मोबदल्यात खंडाळा हे गाव घेतले. तेथे गव्हर्नर माल्कम याच्या नावाने माल्कम पेठ वसली. बंगल्यांसाठी ऐसपैस जागा, दोन बंगल्यांत झाडी, बाजार एका कडेला आणि मजुरांची वस्ती त्याहून पलीकडे, असा तो थाट होता. तेथील रस्त्यांच्या कामावर चिनी कैदी लावले होते, आणि ते मोकळ्या वेळात भाजीपाला व बटाटे पिकवीत. साहेबाच्या सावलीतल्या त्या रम्य वाटा अशा प्रकारे समुद्रापलीकडून हद्दपार होऊन आलेल्या माणसांच्या घामावर झाल्या. रस्त्याचा खर्च कोणी सोसला, या प्रश्नाला इतके अनपेक्षित उत्तर सातारा जिल्ह्यात दुसरे नाही.

१८४८ मध्ये शहाजी महाराज वारले, दत्तक नामंजूर झाला आणि सातारचे राज्य खालसा झाले. त्यानंतर लौकरच, १८५३ मध्ये, साताऱ्यास नगरपालिका आली. १८५० च्या २६ व्या कायद्यान्वये ज्या गावच्या रहिवाशांची इच्छा असेल तेथे अशी संस्था काढण्याची तजवीज होती. ‘रहिवाशांची इच्छा’ हे शब्द कायद्यात होते. त्या इच्छेची चौकशी कलेक्टरसाहेब कोणापाशी करीत, ते सांगावयास नको. आपण आपल्यावर कर बसवून घेऊन रस्ते झाडावे आणि दिवे लावावे, ही कल्पना लोकांना नवी होती आणि मुळीच गोड नव्हती.

येथे आमच्या नागरी जीवनातला एक मोठा निर्णय झाला, आणि तो न बोलता झाला. पैसा कोठून आणावयाचा? एक मार्ग घरपट्टीचा. ज्याचे घर मोठे, ज्याचा दर्शनी भाग रस्त्यावर लांबच लांब, त्याने अधिक द्यावे. दुसरा मार्ग जकातीचा. नाक्यावरून आत येणाऱ्या धान्यावर, तुपावर, जळणावर थोडे थोडे घ्यावे. मुंबई इलाख्यातील बहुतेक गावांनी जकातीवर भिस्त ठेवली. नगरपालिकेत बसणारे पंच घरवाले होते. आपल्या वाड्यावर पट्टी बसविण्यापेक्षा दुसऱ्याच्या लाकडाच्या मोळीवर ती बसविणे त्यांना सोपे वाटले असल्यास नवल नाही. जकात कोणाला दिसत नाही, म्हणून ती बोचत नाही. आणि बोचत नाही म्हणून तिचा हिशेबही कोणी मागत नाही. गावकुसाबाहेर राहणाऱ्याने भाकरीसाठी आणलेल्या धान्यात रस्त्याचा पैसा दिला, आणि खडी मात्र पेठेत पडली.

१९०० च्या ७ नोव्हेंबरला भीमराव आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. शाळा राजवाड्यात भरत असे. १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. या ठरावाकडे समाजसुधारणेच्या इतिहासातले एक पान म्हणून पाहतात, आणि ते तसे आहेही. पण त्याच्या मुळाशी असलेला युक्तिवाद शुद्ध हिशेबाचा होता. जकात घेताना विटाळ नसेल, तर त्या जकातीतून झालेल्या हौदावर तो कोठून आला?

आता ओट्याकडे वळू. १८७३ च्या आणि विशेषतः १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने नगरपालिकांना रस्त्याची ‘नियमित रेषा’ ठरविण्याचा अधिकार मिळाला. कल्पना अशी, की अमुक रस्ता पुढेमागे इतका रुंद व्हावयाचा आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी नकाशावर एक रेघ ओढून ठेवावयाची. आज जे घर रेघेच्या पुढे आलेले आहे त्याला हात लावावयाचा नाही. परंतु ते पडले, जळले, किंवा मालकाने पाडून नवे बांधावयास काढले, की त्याने रेघेच्या मागे सरले पाहिजे. सुटलेली पट्टी रस्त्यात जाईल आणि नगरपालिका तिची भरपाई देईल. कागदावर ही योजना इतकी समंजस दिसते की तिच्यात दोष काढावयाचे धाडस होऊ नये. कोणाचे घर पाडावयाचे नाही, एकदम मोठी रक्कम उभी करावयाची नाही, आणि काळाच्या ओघात रस्ता आपोआप रुंद!

पण माणूस कायद्याहून हुशार असतो. घर पाडले तर चार हात जागा जाते, हे कळल्यावर घर पाडावयाचेच नाही, असे त्याने ठरविले. भिंत फुगली तर टेकू दिला. आढे मोडले तर खालून खांब घातला. दर्शनी भिंत तशीच ठेवून आतले सगळे घर नवे करण्याची एक कलाच निर्माण झाली. त्यात एखादा सरळमार्गी किंवा अडचणीत सापडलेला मालक नियमाप्रमाणे मागे सरला, की त्याच्या दारापुढे एक चौकोनी खाच तयार होई. दोन्ही शेजारी पुढे, हा मध्येच आत. त्या खाचेत गाडी सोडावी, उकिरडा करावा, पानाची टपरी मांडावी. रस्ता रुंद झाला नाही तो नाहीच. ज्याने कायदा पाळला त्याचे अंगण तेवढे गावाचे झाले. जुन्या पेठेतून आज चालत गेले तरी अशा खाचा दिसतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ओढलेल्या रेघेपर्यंत अजून सगळी आळी पोचलेली नसते. दरम्यान मोटारी आल्या, रेघ अपुरी ठरली आणि नव्या विकास आराखड्यात आणखी मागे गेली.

याच सुमारास एक थोर पण हट्टी स्कॉटिश माणूस हिंदुस्थानात आला होता, त्याचे नाव पॅट्रिक गेडिस. १९१४ पासून त्याने येथली कित्येक गावे पायी फिरून पाहिली आणि मुंबई इलाख्यातील गावांविषयीही अहवाल लिहिले. गल्ल्यांतून सरळ रेघा मारून घरे पाडीत जाणाऱ्या इंजिनियरांवर त्याचा मोठा राग. त्याचे म्हणणे असे, की पडीक घर तेवढे काढा, मोकळी जागा साधा, झाड लावा, विहीर दुरुस्त करा. वस्ती जिवंत आहे, तिला हळू हाताने कापा. आमच्या नगरपालिकांनी त्याचे अर्धे म्हणणे तंतोतंत पाळले. त्यांनी काही पाडले नाही. झाडाचे आणि विहिरीचे मात्र राहून गेले.

१९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. त्यामागे १९०९ चा इंग्लंडातला कायदा होता, आणि फ्रँकफुर्टचा महापौर आडिकेस याने जर्मनीत रूढ केलेली जमिनीच्या फेरवाटणीची पद्धत होती. या कायद्यातली कल्पना मला आजही अत्यंत न्याय्य वाटते. गावाबाहेरची शेते एकत्र करावयाची. त्यांतून रस्ते, बागा, शाळांच्या जागा काढावयाच्या. उरलेली जमीन चांगल्या आकाराच्या भूखंडांत पाडून मूळ मालकांनाच परत द्यावयाची. रस्ता आल्यामुळे जमिनीची किंमत वाढते, ती मालकाच्या कर्तृत्वाने वाढत नाही. म्हणून त्या वाढीतला हिस्सा योजनेच्या खर्चाकडे घ्यावयाचा, मात्र तो वाढीच्या निम्म्याहून अधिक नसावा. अमेरिकेतील कित्येक गावांत फरसबंदीचा खर्च समोरच्या घरांच्या दर्शनी फुटांवर वाटीत, त्याच घराण्यातला हा विचार. येथे रस्ता आधी होता, घर नंतर होते, आणि ज्याला लाभ झाला तो पैसे देत होता.

मग हे गावोगावी का झाले नाही? कारण त्याला वेळ लागतो. मोजणी, हरकती, लवाद, अपील, पुन्हा मोजणी, यात वर्षे जातात. मोठ्या शहराला कर्ज काढून थांबता येते, लहान गावाला येत नाही. पुढे १९५४ चा कायदा आला, १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. फेरवाटणीच्या योजना गुजराथेत फोफावल्या, आणि आमच्याकडे त्यांच्या जागी आरक्षणांचे ठिपके घातलेले विकास आराखडे आले. बागेचे आरक्षण ज्याच्या शेतावर पडले तो रडू लागला, आणि ज्याच्या शेजाऱ्याच्या शेतावर पडले तो पेढे वाटू लागला.

सांगलीस आता यावयास हरकत नाही. या गावाचे नावच रस्त्यांवरून पडले, असे लोक सांगतात. सहा गल्ल्या, म्हणून सांगली. भाषाशास्त्रज्ञाला ही व्युत्पत्ती पटावयाची नाही, पण गावाला ती पटलेली आहे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेच्या चुलत्यांपासून विभक्त झाले आणि १८०१ च्या सुमारास त्यांनी सांगलीस आपली गादी केली. गणेशदुर्ग उभा राहिला, त्याच्या भोवती खंदक आला. १८४४ मध्ये नदीकाठचे गणपतीचे मंदिर पुरे झाले. येथे वस्तीला पेठ म्हणण्यापेक्षा भाग म्हणण्याचा प्रघात अधिक: गावभाग, खणभाग, पेठभाग, वखारभाग. वखारभाग या नावातच त्या विभागाचा नियम आला. हळदीच्या आणि गुळाच्या व्यापाराला मोठ्या वखारी लागतात, बैलगाड्या फिरण्यास रुंद रस्ते लागतात, आणि संस्थानिकाच्या मनात आले म्हणजे ते होतात. पुढे गावापासून दूर विश्रामबागेकडे १९१९ मध्ये विलिंग्डन कॉलेज निघाले आणि सांगलीचे तोंड मिरजेच्या बाजूस वळले. १९२९ मध्ये कृष्णेवर आयर्विन पूल झाला.

१९४८ च्या मार्चमध्ये सांगली संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हणजे सांगलीकर अकरा वर्षे कागदोपत्री सातारकर होते, ही गोष्ट दोन्हीकडच्यांना फारशी आठवत नाही. सहकारी साखर कारखाना आला, कुपवाडास औद्योगिक वसाहत झाली, मिरजेस रेल्वेचे जंक्शन आणि इस्पितळे होतीच. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या दुष्काळी भागातला मनुष्य कामासाठी येथे आला, आणि त्याला राहावयास जागा हवी होती.

कायद्याच्या वाटेने जागा घ्यावयाची तर काय करावे लागे? शेतजमीन बिनशेती करून घ्यावयाची. रेखांकन मंजूर करून घ्यावयाचे. त्यात ठरलेल्या रुंदीचे रस्ते आणि ठरलेली मोकळी जागा सोडावयाची. रस्ते व गटारे करून द्यावयाची, आणि मग भूखंड विकावयाचे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेताचे बारीक तुकडे विकण्यास बंदी. त्यात १९७६ मध्ये नागरी जमिनीच्या कमाल धारणेचा कायदा आला. शहरालगतच्या शेतमालकाला धास्ती पडली, की जास्तीची जमीन सरकारजमा होणार. त्याने ती गुंठ्या-गुंठ्याने विकून टाकली. साध्या मुद्रांकावर साठेखत, सात-बाराला दहा-वीस जणांची सामाईक नावे, आणि दोरी लावून मारलेल्या चुन्याच्या रेघा. हीच गुंठेवारी.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. एकरात असे चाळीस. आता थोडे गणित करू; वाचकांनी कंटाळू नये, कारण सगळे पाणी येथेच मुरते. तीस फुटी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस एकेका गुंठ्याचे भूखंड पाडले, तर प्रत्येक भूखंडामागे पंधरा फूट रस्ता येतो. म्हणजे जमिनीतला शेकडा ३१ भाग रस्त्यात गेला आणि एकरात सत्तावीस भूखंड निघाले. रस्ता बाराच फुटांचा ठेवला, तर रस्त्यात शेकडा १५ भाग जातो आणि भूखंड निघतात तेहतीस. हे जे सहा जास्तीचे भूखंड, त्यांचे पैसे विकणाऱ्याच्या खिशात गेले. शाळेची, बागेची मोकळी जागा सोडावी लागली नाही, तीही विकली गेली. गटार, खडी, पाण्याची नळी यांचा खर्च कोणी केलाच नाही. घेणाऱ्याला गुंठा स्वस्त पडला हे खरे. पण तो स्वस्त पडला कारण त्याच्या किमतीतून रस्ता वजा केलेला होता.

वजा केलेला रस्ता पुढे व्याजासकट मागणी करीत येतो. सांगलीची माती काळी आणि खोल. तीवर मुरूम टाकावा तर पहिल्या पावसात तो खाली जातो. दुसऱ्या वर्षी पुन्हा टाकावा, तोही जातो. लोक वर्गणी काढून ट्रक आणतात. रस्ता वर येतो तसे जोते खाली जाते, आणि पावसाचे पाणी घरात शिरते. मग घराचे जोते वाढवावे. शामरावनगरसारख्या सखल वस्तीत पावसाळाभर साचून राहणारे पाणी सांगलीकरांच्या बोलण्यात दर वर्षी येते. जेथून पूर्वी नैसर्गिक नाला वाहत होता तेथे कोणाचा तरी गुंठा आहे, आणि पाण्याने सात-बारा वाचलेला नाही.

१९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून महानगरपालिका झाली. २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा केला. १ जानेवारी २००१ पूर्वी खाजगी जमिनीवर झालेली अशी वस्ती नियमित करावी, भूखंडधारकाने प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरावा, आणि त्या पैशातून वस्तीतले रस्ते, पाणी, गटारे व्हावीत, अशी ही तजवीज. हजारो कुटुंबांच्या डोक्यावरची टांगती तलवार त्यामुळे निघाली, बँकेचे कर्ज मिळू लागले, नळजोडाचा अर्ज घेतला जाऊ लागला. या कायद्याला निव्वळ दुर्बलपणा म्हणणाऱ्यांशी माझे जमावयाचे नाही. ज्याने आयुष्याची पुंजी घालून पत्र्याची खोली उभारली, त्याच्यापुढे बुलडोझर नेण्यात कसले शौर्य? परंतु हिशेब मात्र मांडून ठेवला पाहिजे. १९१५ च्या कायद्याने जमिनीच्या मालकाला वाढलेल्या किमतीतला हिस्सा देण्यास लावले होते. २००१ च्या कायद्यात तो मालक कोठे आढळत नाही. तो पैसे घेऊन केव्हाच निघून गेला. बिल आले ते शेवटी आलेल्या माणसाच्या नावाने. आणि आकार वस्तीला पुरा पडला नाही म्हणजे उरलेले बिल महानगरपालिकेच्या, पर्यायाने गावभागातल्या आणि खणभागातल्या घरपट्टीच्या डोक्यावर गेले. खाजगी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या मालकांना तो दुरुस्त करावयास सांगावे, त्यांनी न केल्यास नगरपालिकेने करून खर्च वसूल करावा, ही तरतूद नगरपालिका कायद्यात जुनीच आहे. तिचा प्रयोग बारा फुटी बोळात राहणाऱ्या हमालावर कोणी करावयाचा?

सातारकरांनी यावर हसण्याचे कारण नाही. त्यांच्या गावाने निराळी युक्ती केली. शहराच्या हद्दीला लागून शाहूपुरी, विलासपूर, दरे खुर्द अशी गावे होती. घर हद्दीच्या एक पाऊल बाहेर बांधले की शहराची घरपट्टी नको आणि नियमांचा जाचही कमी. बाजार, शाळा, दवाखाना मात्र शहरातला. हद्दवाढीची चर्चा वर्षानुवर्षे चालली. शहरातले लोक म्हणत, आमचे रस्ते वापरता तर खर्च द्या. उपनगरातले म्हणत, आधी रस्ते आणा, मग पट्टी मागा. अखेर २०२० च्या सप्टेंबरमध्ये हद्द वाढली. दरम्यान १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली होती आणि रस्त्यांचा पैसा मुंबई-दिल्लीहून येणाऱ्या अनुदानांत शोधावा लागत होता. पोवई नाक्यावरचा भुयारी मार्ग २०२१ मध्ये खुला झाला, त्याचे सातारकरांना कौतुक वाटले ते रास्तच. पण त्याच्यापासून हाकेच्या अंतरावरच्या आळीतले गटार कोणत्या अनुदानात बसते, हे ठरवावयास अजून एखादा जाणता कारकूनच लागतो.

२००१ या सालात आणखी एक गोष्ट झाली. जानेवारीच्या १७ तारखेस केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि तेथल्या बांधकामावर कडक निर्बंध आले. म्हणजे एकाच वर्षी कृष्णेच्या उगमाशी झाड तोडून घर बांधू नका असा नियम झाला, आणि तीच नदी जेथे पसरते तेथे झालेली घरे कबूल करण्याचा कायदा आला. दोन्ही निर्णय आपापल्या परीने समर्थनीय आहेत. नदीला मात्र दोन्ही एकदमच भोगावे लागतात.

तिच्यासाठीही नकाशावर रेघा आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेघेच्या आत बांधकामास मनाई, निळ्या-लाल रेघांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. पेठेतल्या नियमित रेघेचीच ही धाकटी बहीण, आणि तिची गतही तीच झाली. २००५ मध्ये पूर आला, तेव्हा असा पूर पुन्हा आपल्या हयातीत येणार नाही, असे लोकांनी धरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी, जेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे तेथे, पाणी ५७ फुटांच्या वर गेले. बाजारपेठ बुडाली, गावभागातील जुन्या वाड्यांत आणि नव्या गुंठेवारीत एकच पाणी शिरले. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि २०२० मध्ये तिने अहवाल दिला. पूररेषेतील बांधकामांचा विचार त्यात होताच. पूररेषा नव्याने आखावी, आहे ती कडकपणे पाळावी, ती थोडी सरकवावी, अशी सर्व प्रकारची मागणी त्या सुमारास एकाच गावातून होत होती. ज्याचे घर रेघेच्या ज्या बाजूला, त्याप्रमाणे त्याचे मत.

२०२१ मध्ये गुंठेवारीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. १ जानेवारी २००१ ही तारीख जाऊन ३१ डिसेंबर २०२० ही आली, आणि मधल्या वीस वर्षांतील वस्त्यांना अर्ज करण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस आयर्विन पुलाखाली कृष्णा पुन्हा पन्नास फुटांच्या वर चढली. पाणी ओसरल्यावर लोकांनी घरातला गाळ काढला, आणि पुसट झालेले साठेखताचे कागद उन्हात वाळत घातले. अर्जाबरोबर ते जोडावयाचे होते.